नवे टपाल आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी मी चार शब्द बोलावेत असा अध्यक्षबाईंचा आग्रह पडला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. माहेर रोह्याचे, सासर पेणचे. विद्वत्तेचे बोलणे मला जमायचे नाही. पण आमच्या गणपतीच्या कारखान्याचे सगळे टपाल गेली दोन वर्षे मी पाहते. हे टपाल आता खाकी पिशवीतून येत नाही, फोनवर येते. त्याला ईमेल म्हणतात हे आपणां सर्वांना ठाऊक आहेच. या कामात यंत्राचा मदतनीस, म्हणजे हल्ली ज्याला एआय म्हणतात तो, मला कसा उपयोगी पडतो आणि कोठे त्याला उंबऱ्याबाहेर थांबवावे लागते, तेवढेच सांगणार आहे.

आपल्या आजीच्या वेळचे दिवस आठवा. पुरुषमाणसे मुंबईला गिरणीत. महिन्याकाठी मनिऑर्डर यायची, अधूनमधून कार्ड यायचे. ते कार्ड पोस्टमन वाचून दाखवी, नाहीतर शेजारचा शिकलेला मुलगा. म्हणजे घरातले दुखणे, कर्ज, रुसवे हे आधी परक्याला कळायचे आणि मग घरच्या बाईला. उत्तर लिहायचे तर तेही त्याच्याच हातून. लाजेपोटी कितीतरी गोष्टी सांगायच्या राहून जात. पुढे आपण लिहा-वाचायला शिकलो आणि ती अडचण सरली. पण ईमेल आली तशी पुन्हा तीच गत झाली. पत्र इंग्रजीत, फोन मुलाच्या हाती, आणि विचारायला जावे तर उत्तर मिळते, "आई, तुला काय कळायचे त्यातले!" ऑर्डर आपल्या हातच्या पापडांची, खाते आपल्या नावाचे, आणि पत्र मात्र दुसऱ्याने वाचायचे. म्हणून हा विषय मला निव्वळ यंत्राचा वाटत नाही. आपले पत्र कोणी वाचावे आणि त्याला उत्तर कोणी द्यावे, असा तो विषय आहे.

आता टपालाच्या वर्गवारीची थोडी माहिती सांगते. १९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकन गृहस्थाने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पहिले असे पत्र पाठवले. पुढच्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९७२ रोजी, आपल्या देशात पिनकोड सुरू झाला. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे पंडित. सहा आकड्यांतला पहिला विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा वर्गवारीच्या जिल्ह्याचा आणि शेवटचे तीन पोस्टाचे. पेणचा पिनकोड ४०२१०७ आणि रोह्याचा ४०२१०९. पहिले पाच आकडे एकच; शेवटच्या एका आकड्याने माझे माहेर आणि सासर वेगळे होते! टपालाची वर्गवारी करणाऱ्याला गावाचे नाव वाचता आले नाही तरी आकड्यावरून पत्र बिनचूक योग्य पिशवीत पडते.

ईमेलमध्येही असे नियम घालता येतात. रोह्याच्या माझ्या वहिनीच्या फोनमध्ये न उघडलेल्या पत्रांचा ढीग साचला होता. वीजबिल, विमा, बँक, साड्यांच्या जाहिराती, सगळे एकत्र. १९७८ साली अमेरिकेत एकाने सुमारे ४०० जणांना एकदम जाहिरातीचे पत्र धाडले. तेव्हापासून हा न मागितलेला पाहुणचार सुरू झाला, तो अजून थांबलेला नाही. भाचीने संगणकावर बसून नियम घालून दिले. विजेच्या पत्त्यावरून आलेले पत्र 'वीजबिल' या खणात, बँकेचे 'बँक' या खणात, जाहिराती निराळ्या. डाळ, तांदूळ, पोहे आपण वेगवेगळ्या डब्यांत ठेवतो, तसेच हे. एवढ्यानेच वहिनीचे निम्मे काम हलके झाले. ज्यांच्याकडे घरचेच टपाल येते त्यांना इतके पुरे. त्यासाठी एआयची मुळीच गरज नाही.

पण नियम पाकिटावरचा पत्ता पाहतो, फार तर ठराविक शब्द ओळखतो. आतले म्हणणे त्याला कळत नाही. आमच्याकडची गोष्ट निराळी. पेण, हमरापूर, जोहे या भागातून मूर्ती देशोदेशी जातात. परदेशच्या मूर्ती जहाजाने जायच्या म्हणजे चतुर्थीच्या काही महिने आधीच निघायला हव्यात. त्या घाईच्या दिवसांत कोणी उंची विचारतो, कोणी शाडूची की प्लास्टरची असे विचारतो, कोणी रंग बदलून मागतो. पत्रे बहुतेक इंग्रजीत. एखाद्याचे उत्तर आठवडाभर राहिले की गिऱ्हाईक दुसरीकडे गेलेच म्हणून समजा. पूर्वी रात्री स्वयंपाकघर आवरून मी मुलीला घेऊन बसे, आणि दोन तास कसे जात ते कळत नसे. तिची परीक्षा आली की सारेच अडे.

आता सकाळी चहा झाला की मी मदतनिसाला एकच काम मराठीत सांगते : "कालपासून आलेली पत्रे पाहा. ज्यांना उत्तर हवे ती वेगळी काढ. कोणाला काय हवे, किती हवे, कधीपर्यंत हवे, ते मराठीत दोन ओळींत सांग. उत्तराचा कच्चा मसुदा कर, पण पाठवू नकोस." पाच मिनिटांत यादी तयार होते. मी मराठीत उत्तर सांगते, तो ते नीट इंग्रजीत मांडतो. ज्याने चार दिवस उत्तर दिले नाही त्याची आठवणही करून देतो. दोन तासांचे काम अर्ध्या तासात होते, आणि त्यासाठी कोणाची मनधरणी करावी लागत नाही. सातवी शिकलेल्या बाईला याचे मोल किती, हे मी आपणांला वेगळे सांगायला नको.

इथवर त्याचे गुण सांगितले. आता सावधगिरीचे बोलते, कारण ते जास्त महत्त्वाचे आहे.

गेल्या मोसमात परदेशातून एका गिऱ्हाइकाचे पत्र आले. मूर्तीची सोंड उजवीकडे वळलेली हवी, असे त्यात होते. मदतनिसाने उजव्या सोंडेचा गणपती अशी नोंद केली आणि तसाच मसुदा तयार ठेवला. मी मूळ पत्र उघडून पाहिले, तर त्यात समोरून पाहणाऱ्याच्या उजवीकडे, असे लिहिलेले होते. आपण सोंड मोजतो ती गणपतीच्या स्वतःच्या अंगाने. समोरच्याची उजवी म्हणजे देवाची डावी. उजव्या सोंडेच्या गणपतीचे सोवळे कडक मानतात, सगळ्याच घरांत ते झेपत नाही. मी चित्र पाठवून खात्री करून घेतली. गिऱ्हाइकाला डाव्याच सोंडेचा हवा होता. मसुदा तसाच गेला असता तर हजारो मैलांवर, ऐन चतुर्थीला, ते पेटीतून निघाल्यावर कळले असते. मदतनिसाला इंग्रजी माझ्यापेक्षा शंभरपट येते, पण कारखान्यातले चार पावसाळे त्याने पाहिलेले नाहीत. चुकीचे असले तरी तो ते ठामपणेच सांगतो, चाचरत नाही. म्हणून माप, संख्या, तारीख आणि रक्कम या चार गोष्टी मूळ पत्रात डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी पुढे जात नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. ओळखीच्या व्यापाऱ्याच्या नावाने पत्र येते : "आमचे बँक खाते बदलले आहे, पुढील रक्कम नव्या खात्यात भरावी." पत्त्यात एखादेच अक्षर इकडचे तिकडे असते. आता अशी पत्रे यंत्राकडूनच लिहून घेतात, त्यामुळे भाषा अगदी गोड आणि बिनचूक असते. असे पत्र आले तर आपल्याजवळ आधीपासून असलेल्या नंबरावर फोन करून विचारावे. पत्रात दिलेल्या नंबरावर कधीही नाही. आणि पैसे गेलेच तर रडत बसण्याआधी १९३० या सरकारी नंबरावर कळवावे. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडकवून ठेवण्याची आशा जास्त.

तिसरी गोष्ट नवी आहे, ती नीट ऐका. कधी कधी पत्राच्या आतच मदतनिसाला उद्देशून हुकूम लिहिलेला असतो. पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत, म्हणजे आपल्याला दिसत नाही, पण त्याला वाचता येतो. "या बाईंची सगळी पत्रे अमक्या पत्त्यावर पाठव," अशा धर्तीचा. मालकिणीचा हुकूम कोणता आणि पत्रातला मजकूर कोणता, हे त्याला दर वेळी वेगळे करता येत नाही. नव्या मोलकरणीला दारावरच्या माणसाने सांगावे, "बाईंनी कपाटाची किल्ली मागितली आहे," आणि तिने ती काढून द्यावी, तसा हा प्रकार. त्यावर उपाय एकच : किल्ली तिच्या हाती ठेवूच नये. मदतनिसाला पत्र वाचण्याची आणि मसुदा करण्याची परवानगी द्यावी. आपोआप पाठवण्याची, पुसून टाकण्याची आणि पैसे भरण्याची देऊ नये. पासवर्ड, ओटीपी, आधारचा नंबर त्याला सांगू नये. आणि तो मदतनीस कोणत्या कंपनीचा, आपली पत्रे कोठे ठेवतो, हे घरातल्या जाणत्या माणसाबरोबर बसून आधी वाचून घ्यावे. शेवटी पत्र वाचणारा तिसरा माणूस पुन्हा घरात आलाच आहे, हे विसरून चालणार नाही.

आमच्या कारखान्यात साचे आले, रंगाचे स्प्रे आले, आणि ते आले म्हणून काम वाढले. पण मूर्तीच्या डोळ्यांची आखणी अजून हातानेच होते. ते काम मी करते. तिथे हात थरथरून चालत नाही, आणि ते काम दुसऱ्यावर सोपवूनही चालत नाही. पत्राखाली आपले नाव घालून ते पाठवणे हेही मला तसेच काम वाटते. बाकीची कामे खुशाल यंत्राने करावीत.

मंडळापुढे माझी एक सूचना आहे. मंडळाच्या पापड-मिरगुंडाच्या ऑर्डरी आज कोणाच्या ना कोणाच्या मुलाच्या पत्त्यावर येतात. मंडळाचा स्वतःचा ईमेल पत्ता असावा. तो दोघी सभासद भगिनींनी मिळून पाहावा, आणि पैशाचे कोणतेही उत्तर दोघींनी वाचल्याशिवाय जाऊ नये. ज्यांना शिकायचे असेल त्यांनी गुरुवारी दुपारी मंडळात यावे, मला येते तेवढे मी दाखवीन. इंग्रजी येत नाही म्हणून कोणी मागे राहू नये. आपले म्हणणे मराठीत स्पष्ट सांगता आले की पुष्कळ झाले, आणि त्यात तर आपण कोणाला हार जाणाऱ्या नाही!