मैदानावरची मुले आणि मोठ्यांची जबाबदारी

(संस्थेच्या वार्षिक पालकसभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या माझ्या भाषणाचा विषय थोडा दूरदेशचा आहे. अमेरिकेतील मुलांच्या बेसबॉल खेळाविषयी मी बोलणार आहे. आपण क्रिकेट-कबड्डीवाले, आपल्याला बेसबॉलचे काय, असे कोणी म्हणेल. परंतु मुलांना खेळू तर द्यायचे, आणि तरी सुखरूप घरी आणायचे, हा प्रश्न तिकडच्या पालकांना पडला तसाच आपल्यालाही पडतो. त्यांनी त्याचे उत्तर कसे शोधले ते पाहू.

१९३९ साली पेन्सिल्व्हेनिया राज्यातील विल्यम्सपोर्ट या गावी कार्ल स्टॉट्झ नावाच्या गृहस्थांनी मुलांसाठी ‘लिटल लीग’ सुरू केली. प्रारंभी संघ अवघे तीन. आज तिचा पसारा ८० हून अधिक देशांत आहे. या लीगमधली पहिली शहाणपणाची गोष्ट म्हणजे मैदान मुलांच्या मापाचे केले गेले. मोठ्यांच्या खेळात दोन बेसमध्ये ९० फुटांचे अंतर असते. मुलांसाठी ते ६० फूट ठरले. चेंडू फेकण्याचे अंतर मोठ्यांसाठी ६० फूट ६ इंच. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ते पुढे ४६ फूट ठरले. बापाचा सदरा मुलाला घालून चालत नाही, हे त्यांनी ओळखले.

बेसबॉलचा चेंडू ५ ते सव्वापाच औंस वजनाचा, चामड्याने मढविलेला असतो. आपल्या सीझन बॉलपेक्षा किंचित हलका. पण तो टप्पा न पडता सरळ अंगावर येतो. डोक्याला धोका आहे हे कोणालाही समजते. म्हणून लिटल लीगमध्ये काम करणारे शरीरशास्त्रज्ञ डॉ. क्रेटन हेल यांनी दोन्ही कान झाकणारे शिरस्त्राण तयार केले. पुढचा फलंदाज मैदानात बॅट फिरवीत उभा राहतो, तो प्रकारही लहान गटांत बंद झाला. कारण फिरत्या बॅटचा तडाखा शेजारच्या मुलाला बसतो. २००८ पासून धडकेसरशी जागेवरून सुटणारे बेस सक्तीचे झाले, म्हणजे घसरत येणाऱ्या मुलाचा घोटा मोडू नये.

परंतु सर्वच धोके डोळ्यांना दिसत नाहीत. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने १९९६ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. १९७३ ते १९९५ या काळात बेसबॉल खेळताना ८८ मुलांचे मृत्यू झाल्याची नोंद त्यांच्याकडे होती. त्यांपैकी २१ मृत्यू डोक्याला चेंडू लागून झाले होते, आणि छातीला चेंडू लागून ३८. मुलाची छाती लवचीक असते. ठोक्याच्या एका विशिष्ट क्षणी तिच्यावर आघात झाला, तर धडधाकट मुलाच्या हृदयाची लय बिघडते आणि ते जागच्या जागी कोसळते. अशा वेळी डॉक्टरांची वाट पाहण्यात मिनिटे घालविणे म्हणजे मूल गमावणे. ताबडतोब छाती दाबायला हवी आणि विजेचा धक्का देणारे ए.ई.डी. हे यंत्र लावायला हवे. म्हणून लहान गटांसाठी मऊ चेंडू आणि मैदानावर प्रथमोपचार जाणणारा माणूस, यांना तिकडे महत्त्व आले.

आता हाताची गोष्ट ऐका. उत्तम चेंडू फेकणारा मुलगा हा संघाचा लाडका. जिंकायचे असले की प्रशिक्षक त्यालाच पुढे करतो, बाप टाळ्या वाजवितो, आणि मुलगा दात-ओठ खाऊन फेकीत राहतो. वाढत्या वयात कोपराची हाडे अजून कच्ची असतात. १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या नामवंत खेळाडूच्या कोपराचा स्नायुबंध नवा बसविला. प्रौढ खेळाडूसाठी शोधलेली ही शस्त्रक्रिया पुढे शाळकरी मुलांवर करण्याची पाळी आली! तेव्हा २००७ पासून लिटल लीगने फेकी मोजण्याचा नियम केला. ९-१० वर्षांच्या मुलाने दिवसाला ७५, तर ११-१२ वर्षांच्या मुलाने ८५ हून अधिक चेंडू फेकायचे नाहीत. आणि ६६ वा त्याहून अधिक फेकले, तर पुढे चार दिवस विश्रांती.

या नियमाचे मर्म मला फार मोलाचे वाटते. मी शिक्षक आहे. हात दुखतो असे सांगणारा मुलगा विरळाच. भित्रा ठरण्याची त्याला लाज वाटते. त्याला बोलावेच लागू नये, अशी तजवीज मोठ्यांनी केली. कागद-पेन्सिल घेऊन एक माणूस बसतो, आकडा भरला की मुलगा थांबतो. ना त्याचा अपमान, ना कोणाशी वाद.

बंधुभगिनींनो, आणखी एक धोका असा आहे की, त्याविषयी बोलताना आपली जीभ अडखळते. मुले ज्यांच्या हाती सोपवितो, त्या माणसांचाच धोका. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर याने वर्षानुवर्षे मुलींवर अत्याचार केले. काही मुलींनी पूर्वीच सांगितले होते. मोठ्यांनी ऐकले नाही. जानेवारी २०१८ मध्ये त्याला शिक्षा झाली, तेव्हा दीडशेहून अधिक पीडितांचे निवेदन न्यायालयाने ऐकले. पुढच्याच महिन्यात तेथे कायदा झाला. खेळसंस्थेतील प्रौढाला अत्याचाराचा संशय आला, तर त्याने २४ तासांत कळविले पाहिजे. प्रौढ आणि मूल यांनी एकांतात असू नये, इतरांच्या नजरेसमोर असावे, असे नियम संस्थांना करावे लागले. लिटल लीगने तर त्यापूर्वीच स्वयंसेवकांची पार्श्वभूमी तपासणे सक्तीचे केले होते. ही तपासणी सर्वांचीच होते, त्यामुळे सज्जनाला त्यात अपमान वाटण्याचे कारण राहत नाही.

आपल्या देशातही २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. त्याच्या कलम १९ प्रमाणे अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना दिली पाहिजे. दडविणाऱ्यास शिक्षा आहे, आणि संस्थाप्रमुखाने दडविल्यास ती अधिक कडक आहे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा दूरध्वनी आहे. ‘खानदानाची अब्रू जाईल’ म्हणून गप्प बसणारा बाप कोणाची अब्रू वाचवितो, याचा विचार करावा.

हे सारे ऐकून एखादी माउली म्हणेल, नकोच तो खेळ! मुलीचे नाव तर पहिल्यांदा कापले जाईल. कृपा करून तसे करू नका. घरात कोंडलेले मूल सुरक्षित नसते, ते फक्त नजरेआड दुबळे होते. आपण एवढेच करावे. मुलगा सीझन बॉलने खेळणार असेल, तर आधी शिरस्त्राण, मग बॅट. मुख्याध्यापकांना आणि क्रीडाशिक्षकांना निःसंकोच विचारावे: प्रथमोपचाराची पेटी कोठे आहे? बाहेरगावच्या सामन्याला मुलींबरोबर कोण जाणार? सरावाच्या वेळी दुसरे मोठे माणूस हजर असते काय? असे विचारणे म्हणजे शिक्षकांवर अविश्वास नव्हे. मी स्वतः शिक्षक आहे, आणि मला असे विचारणारा पालक हवा आहे.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हालाही एक सांगणे आहे. दुखले तर सांगा. कोणाचे वागणे खटकले, तर घरी सांगा. घरी ऐकले नाही, तर शाळेत सांगा. सांगणारा मुलगा भित्रा नसतो.

मुले आपल्याजवळ अमानत आहेत. अमानत पेटीत बंद करून ठेवली की कर्तव्य संपले असे नाही. ती वाढवून, सुखरूप परत करायची असते. त्या दृष्टीने आपल्या संस्थेने येत्या वर्षी मैदानाचे नियम लिहून शाळेच्या दर्शनी फलकावर लावावेत, अशी माझी नम्र सूचना आहे.

 खुदा हाफिज. जय हिंद.