आक्रमक प्रतिपक्षी आणि पोकरचा डाव

हूल देणें हा पोकर नांवाच्या पत्त्यांच्या खेळाचा प्राण आहे. अमेरिकेंतील नेव्हाडा राज्यांत सन १९३१ मध्यें जुगारास कायद्यानें मोकळीक मिळाली आणि पुढें तेथील लास व्हेगस नगर या खेळाचें मोठें पीठ बनलें. सन १९७० मध्यें तेथें पोकरची जागतिक स्पर्धा सुरू झाली. परंतु स्पर्धेंतील डाव निराळा आणि रोखीचा डाव निराळा. रोखीच्या डावांत पुढ्यांतील प्रत्येक चकतीमागें तितकेंच नाणें उभें असतें, आणि डाव संपतांच चकत्या मोडून घेऊन उठण्याची खेळाडूस मुभा असते. अशा मेजावर एखादा प्रतिपक्षी ऊठसूट बोली वाढवूं लागला, तर इतरांनीं काय करावें? या प्रश्नाचें निम्में उत्तर अंकगणितांत आहे आणि निम्में स्वभावांत.

टेक्सास होल्डेम हा या खेळाचा आज अतिशय रूढ असलेला प्रकार. त्यांत प्रत्येकास दोन पानें झांकून मिळतात. मग सर्वांच्या उपयोगाचीं पांच पानें मेजावर उघडलीं जातात. प्रथम तीन एकदम, नंतर एक, शेवटीं आणखी एक. स्वतःचीं दोन व मेजावरचीं पांच यांतून ज्याचा पांच पानांचा मेळ सरस, तो जिंकतो. एकंदर चार वेळां बोली होते. दुसऱ्याच्या बोलीस तितकीच रक्कम घालून बरोबरी करावी, ती वाढवावी, नाहींतर पानें टाकून द्यावीं, हे तीनच मार्ग. इतर सर्वांनीं पानें टाकलीं तर उरलेला एकटा, हातीं कांहीं नसतांनाही, मधली सारी रक्कम नेतो. आक्रमक खेळाडूची भिस्त याच नियमावर असते.

पण त्याच्या हातीं असून असून काय असणार? ५२ पानांतून पहिल्या दोन पानांतच जोडी जमण्याचा संभव १७ डावांत एकदां, आणि दोन एक्के येण्याचा २२१ डावांत एकदां. म्हणून जो गृहस्थ बहुतेक प्रत्येक डावांत बोली वाढवितो, त्याच्याजवळ बहुतेक वेळां सामान्य पानेंच असलीं पाहिजेत. मात्र चार डाव पाहून हें अनुमान काढूं नये. ओळीनें चांगलीं पानेंही कधीं कधीं येतात. डावाच्या अखेरीस त्यानें उलगडून दाखविलेलीं पानें ध्यानांत ठेवावीं. खरा पुरावा तोच.

अशा माणसापुढें दोन प्रकारच्या चुका होतात. एक भयाची: उत्तम पानांची वाट पाहत दर वेळीं माघार घेणें. दुसरी रागाची: अरेला कारे करून, हातीं कांहीं नसतां त्याच्यावर उलट हूल टाकणें. पहिलीनें पैसा थेंबाथेंबानें जातो, दुसरीनें एकदम.

भयाचा हिशेब अंकांनीं मांडतां येतो. समजा, शेवटचें पान उघडलें आहे, मध्यें १०० डॉलर आहेत आणि आक्रमक खेळाडू १०० डॉलरची बोली करतो. त्याची हूल निम्म्याहून अधिक वेळां पचली तर त्याला नफाच. म्हणजे भित्रे प्रतिपक्षीच त्याला पोसतात. आतां दुसऱ्या बाजूनें पाहावें. बरोबरी करणारा १०० डॉलर घालून २०० मिळवूं पाहतो. तीनांत एकदां तो जिंकला तरी त्याची तोंडमिळवणी होते. ती बोली दहांपैकीं पांच वेळां पोकळ असेल, तर त्याला १००० मिळतात व ५०० जातात, नफा ५००. परंतु बारांपैकीं तीनच वेळां पोकळ असेल, तर ६०० मिळतात व ९०० जातात, तोटा ३००. यास्तव प्रतिपक्ष्याचा स्वभाव ओळखणें हाच हिशेबाचा पाया.

एक उदाहरण घ्यावें. हातीं बदामचा राजा व किलवरचा गुलाम आहे. मेजावर चौकटचा राजा, इस्पिकची सत्ती व किलवरची तिर्री पडली. राजांची जोडी जमली. आक्रमक बोली करतो. येथें बोली वाढविण्याचा मोह आवरावा. कारण वाढविल्यास तो पोकळ पानें टाकून देईल आणि सरस पानें असतील तेव्हांच टिकेल. नुसती बरोबरी केली तर पुढच्या दोन्ही पानांवर तो आपली हूल चालूच ठेवील. कुस्तींत अंगावर धांवून येणाऱ्या मल्लाचा जोर चतुर मल्ल त्याच्यावरच उलटवितो, तसाच हा प्रकार.

आसनाचेंही महत्त्व आहे. बोली डावीकडे फिरत जाते; म्हणून आक्रमकाच्या डाव्या हातची खुर्ची मिळाल्यास त्याची चाल आधीं दिसते. सत्ती-छक्कीसारख्या आशाळभूत पानांवर मात्र खेळूं नये. तो आरंभींच बोली चढवून तीं महाग करून ठेवतो. बळकट पानांची किंमत त्याच्यापुढें वाढते, आणि जो सहसा पानें टाकीत नाहीं त्याच्यावर हूल टाकणें व्यर्थ होय.

तथापि आक्रमक म्हणजे मूर्खच, असें समजूं नये. जॉन फॉन नॉयमन व ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांनीं सन १९४४ च्या आपल्या ग्रंथांत पोकरचें गणित मांडून दाखविलें कीं, हूल हा उत्तम खेळाचा आवश्यक भाग आहे. आपली हूल पकडली जात आहे असें दिसतांच हुशार आक्रमक ती कमी करतो. मग कालची बरोबरी आज तोट्याची ठरते. शिवाय योग्य निर्णयही अनेकदां हरतो, आणि कॅसिनोचा मालक बहुधा प्रत्येक मोठ्या डावांतून आपला वाटा काढून घेतो तो वेगळाच.

म्हणून गमावल्यास संसारास झळ लागणार नाहीं इतकीच रक्कम मेजावर आणावी आणि तिची मर्यादा बसण्यापूर्वींच ठरवावी. हिशेब सुटून मनांत सूडबुद्धि आली, कीं तो डाव तेथेंच सोडावा. रोखीच्या खेळानें दिलेली मोठी सवलत हीच. प्रतिपक्ष्याची बोली कितीही मोठी असो, खुर्ची मागें सारण्यास त्याची परवानगी लागत नाहीं.