सायकलीवरील ओझे आणि त्याचा तोल

(वाशिंद येथे शिक्षक व पंचायत सदस्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा गोषवारा)



वाशिंदहून निघून शहापूर, मुरबाड, सरळगाव, टोकावडे असे मजल दरमजल करीत विद्यार्थ्यांची सायकल सहल नाणेघाटाच्या पायथ्याशी न्यावी, असा आपल्यापैकी काही शिक्षकांचा मनोदय आहे. तो स्तुत्य आहे. अशा सहलीच्या तयारीत मार्ग, मुक्काम आणि भोजन यांचा विचार आधीपासून होतो. सामान सायकलीवर कोठे व कसे बांधावे, हा विचार मात्र निघण्याच्या दिवशी सकाळी होतो. मुलांची सुरक्षितता त्यावरच अवलंबून असल्यामुळे आज मी तेवढ्याच विषयावर बोलणार आहे.

प्रथम माझीच चूक सांगतो. वीसएक वर्षांपूर्वी मी माळशेज घाट सायकलीने उतरत होतो. कपड्यांची पिशवी हँडलला अडकविलेली होती. एका वळणावर ब्रेक दाबताच पिशवी झुलली, तिचा बंद पुढच्या चाकाच्या आऱ्यांत गुंतला आणि चाक जागच्या जागी थांबले. मी कठड्याच्या अलीकडे पडलो. मनगट मोडले, एवढ्यावरच निभावले. कठड्यापलीकडे दरी होती.

ओझ्याचे शास्त्र आपल्या तालुक्यांना नवे नाही. सातवाहनांच्या काळापासून नाणेघाटाने जुन्नर आणि कल्याण ही स्थळे जोडली. अशा घाटवाटांनी माल वाहणारे लमाण बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंस सारख्या वजनाच्या गोण्या टाकीत. सायकलीच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी लावावयाच्या पिशव्या म्हणजे ती जुनी खुर्जीच होय. मुंबईतील सहा तरुण १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सायकलीने जगप्रवासास निघाले आणि त्यांपैकी तिघे तो पुरा करून १९२८ मध्ये परतले. तेव्हा सायकलीवर बिऱ्हाड बांधून दूर जाणे हीदेखील आपल्याकडील जुनीच गोष्ट आहे.

आता निवडीविषयी. एका रात्रीच्या सहलीसाठी विद्यार्थ्याच्या सायकलीला पुढे कॅरिअर लागत नाही. मागील कॅरिअर पुरेसे आहे. परंतु प्रथमोपचाराची पेटी, हत्यारे, भांडी असे सर्वांचे सामान शिक्षकाच्या सायकलीवर येते. चालकाच्या वजनाचा मोठा भाग आधीच मागील चाकावर असतो. सगळे सामानही मागेच बांधले, तर चढणीवर पुढचे चाक हलके पडते व हँडल डगमगते. यास्तव काही भार पुढे घ्यावा.

पुढील कॅरिअर मुख्यतः दोन प्रकारचे असते. एक चाकाच्या वर सपाट बसते. दुसरे फोर्कच्या दोन्ही बाजूंस, चाकाच्या आसाच्या आसपास पिशव्या धरते. जड सामानासाठी दुसरे श्रेयस्कर, कारण भार जितका खाली व चाकाच्या जवळ, तितके हँडल स्थिर. सपाट कॅरिअरवर अंथरूण किंवा कपडे यांसारख्या हलक्या वस्तूच ठेवाव्यात. हँडलवरील टोपलीत जड दप्तर ठेवू नये.

खरेदीपूर्वी आपल्या सायकलीच्या फोर्कला स्क्रू बसविण्याची छिद्रे आहेत काय, ते पाहावे. स्प्रिंगच्या फोर्कला साधे कॅरिअर लावू नये. ॲल्युमिनियम हलके असते. पोलादी कॅरिअर मोडले, तर गावच्या वेल्डिंगच्या दुकानात सांधता येते. आपल्या भागात हा गुण मोठा आहे. उत्पादकाने सांगितलेली भारमर्यादा कधीही ओलांडू नये.

पिशवीला वर दोन मजबूत आकडे आणि खाली एक अडकवण हवी. खालची अडकवण नसेल, तर खड्ड्यात पिशवी उसळते. आपल्याकडील पावसाळ्यात तोंड गुंडाळून बंद होणारी जलरोधक पिशवी उत्तम. ती परवडत नसल्यास साध्या पिशवीत सामान प्लॅस्टिकमध्ये बांधून भरावे. मोकळा बंद एकही लोंबता ठेवू नये. दोन्ही पिशव्या किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून सारख्या कराव्यात आणि जड वस्तू तळाशी ठेवाव्यात.

सामान बांधल्यावर हँडल दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून पाहावे. पिशवी आऱ्यांना किंवा ब्रेकच्या तारेला लागता कामा नये. मागील पिशवीला टाच लागू नये. भारलेली सायकल थांबण्यास अधिक अंतर घेते, याची जाणीव मुलांना सपाट रस्त्यावरच करून द्यावी. कॅरिअरचे स्क्रू रोज सकाळी तपासावेत व दोन-चार जादा जवळ बाळगावेत.

माझी आपणांस एकच विनंती आहे. सहलीच्या आधीच्या रविवारी सर्व सायकली पूर्ण सामानासह शाळेच्या मैदानावर आणाव्यात. पंचायतीने त्या दिवसापुरता गावातील एक सायकल कारागीर तेथे बोलवावा. प्रत्येक मुलाने मैदानाला चार फेऱ्या माराव्यात, ब्रेक लावून पाहावा. ज्याचे सामान हलेल, त्याने ते उतरवून पुन्हा बांधावे. या कामी एक सकाळ जाईल. पण मुलांना घाटाच्या रस्त्यावर नेण्यापूर्वी ती सकाळ अवश्य खर्च करावी.