कोशिंबाला पालवी फुटते तेव्हा
(रेडिओवरून प्रसारित झालेलं भाषण)



संक्रांत होऊन पंधरा दिवस झाले. पहाटे अजून गोधडी लागते आणि दुपारी पंखा लावावासा वाटतो, असे हे दिवस. सध्या सहलीचा विषय काढला तर घरोघरी एकच उत्तर मिळतं. पावसाळ्यात धबधबे झाले, सप्टेंबरात कासची फुलं पाहून झाली, दिवाळीत गावी जाऊन आलो. आता मुलांच्या परीक्षा. मे महिन्यात बघू.

मला आज याच दिवसांतल्या सहलीबद्दल बोलायचं आहे. आपल्याकडची झाडं रंग बदलतात ती माघ, फाल्गुन आणि चैत्रात. ते बघायला फार थोडी माणसं घराबाहेर पडतात, याची मला दरवर्षी हळहळ वाटते.

ऑक्टोबर आला की परदेशातल्या नातेवाइकांचे फोटो यायला लागतात. व्हर्मांट, न्यू हॅम्पशायरचे डोंगर, शुगर मेपलची लालभडक रानं. आपल्या देशातही काश्मीरमध्ये ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत चिनार आधी पिवळे, मग तांबडे होतात. तिकडे त्या ऋतूला हरूद म्हणतात. श्रीनगरच्या नसीम बागेत चिनारांखाली पानांचा असा थर साचतो की पाय घोट्यापर्यंत आत जातो. ज्यांना जमेल त्यांनी ते जरूर पाहावं. पण फोटो बघून कुणी म्हणालं, ‘आपल्याकडे असं काही नसतं,’ की मला राहवत नाही. असतं. फक्त आपण ते चुकीच्या महिन्यात शोधतो.

थोडा दोष भाषांतराचा आहे. इंग्रजीतल्या ‘ऑटम’ला आपण शाळेपासून ‘शरद’ म्हणत आलो. आपला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. नवरात्र, कोजागरी, दिवाळी. त्या वेळी पाऊस नुकता सरलेला असतो, जमिनीत ओल असते, झाडं हिरवीगार असतात. पिवळं पडतं ते गवत. पानगळ येते शिशिरात, म्हणजे माघ-फाल्गुनात. ‘शिशिरातली पानगळ’ हे शब्द आपण सहज बोलून जातो, पण सहल ठरवताना मात्र ते विसरतो.

कारणही वेगळं आहे. थंड मुलखात दिवस लहान होतात, गारठा वाढतो, पानातलं हरितद्रव्य विरतं आणि मग पिवळे-लाल रंग वर येतात. आपल्या झाडांपुढे प्रश्न पाण्याचा असतो. पाऊस चार महिन्यांचा. पौषापर्यंत जमिनीतली वरची ओल आटते. प्रत्येक पानातून पाण्याची वाफ जात असते, म्हणून झाड पानंच टाकून देतं. इतपत समजण्यासारखं आहे. नवल पुढेच आहे. पाऊस यायला अजून तीन-चार महिने असतात, ऊन दिवसेंदिवस चढत असतं, आणि ऐन त्या कोरड्यात यांतली कितीतरी झाडं नवी पालवी काढतात. ही पालवी लाल, तांबूस, गुलाबी असते. कोवळ्या पानात हिरवा रंग भरायच्या आधी लाल रंगद्रव्य येतं. कडक उन्हापासून आणि कीटकांपासून ते पानाला सांभाळत असावं, असं वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. मेपलचं गळणारं पान लाल होतं. आपल्याकडे बहुतेक झाडांचं उगवणारं पान लाल असतं.

बहुतेक म्हणालो, कारण एक झाड मेपलसारखं वागतं आणि ते मुंबईत जवळजवळ प्रत्येक सोसायटीच्या आवारात आहे. बदाम. सुक्या मेव्यातला नव्हे, आपला मोठ्या पानांचा, छत्रीसारख्या मजल्या-मजल्यांच्या फांद्यांचा बदाम. त्याचं पान गळायच्या आधी लाल होतं. परवा सकाळी मी आमच्या इमारतीखाली पडलेली पानं गोळा केली आणि पायरीवर ओळीने मांडली. पहिलं अजून हिरवं, पण शिरेच्या कडेने पिवळट. दुसरं हळदीसारखं. तिसऱ्यावर नारिंगी डाग. चौथं कोकमाच्या सालीसारखं गर्द, नुसती मधली शीर फिकट राहिलेली. पाचवं तपकिरी, हातात घेताच चुरचुरणारं. शेजारची सात वर्षांची मुलगी येऊन उकिडवी बसली आणि तिने माझ्या तिसऱ्या-चौथ्या पानाची अदलाबदल केली. तिचं बरोबर होतं. सहलीची सुरुवात इथूनही होते, तिकीट न काढता.

आता कोशिंबाबद्दल सांगतो. कुणी त्याला कुसुंब म्हणतात. सह्याद्रीच्या पायथ्याच्या रानांपासून विदर्भापर्यंत हे झाड आहे. एरवी त्याच्याकडे कुणी वळूनही पाहत नाही. बियांचं तेल काढतात, त्याच्यावर पोसलेल्या किड्यापासून कुसुमी नावाची उत्तम लाख मिळते, लाकूड कठीण. एवढीच त्याची ओळख. पण फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चभरात केव्हातरी ते पालवतं आणि अख्खं झाड लाल होऊन उभं राहतं.

मी ते पहिल्यांदा पाहिलं एसटीच्या खिडकीतून, मुरबाड सोडून माळशेजकडे जाताना. सगळीकडे वाळकं गवत, सागाचे उघडे सोट आणि मध्येच एक झाड पेटल्यासारखं. मी शेजारच्या बाईंना विचारलं, ‘ही कसली फुलं हो?’ त्यांच्या मांडीवर भाजीची रिकामी पाटी होती. त्या म्हणाल्या, ‘फुलं नाय ती. पालवी हाय. कोशिंब.’ पुढच्या थांब्यावर मी उतरलो आणि दीड मैल मागे चालत आलो. झाडाखाली उभं राहून वर पाहिलं तेव्हा कळलं की लांबून दिसलेला रंग काहीच नव्हता. ऊन पानांच्या मागून येत होतं. पान इतकं कोवळं की ताठ उभं राहत नव्हतं, ओल्या रेशमी कापडासारखं खाली लोंबत होतं. शेंड्याकडची पानं गर्द लाल, त्यांच्या खालची तांब्याच्या घासलेल्या भांड्यासारखी, आणखी खाली पोपटी. एकाच डहाळीवर तिन्ही. पंधरा दिवसांनी मी पुन्हा गेलो तर झाड हिरवं झालं होतं. शंभर झाडांत ते वेगळं ओळखूही आलं नसतं.

म्हणून ही सहल ठरवताना पहिली गोष्ट ध्यानात ठेवायची ती ही, की तारीख आपण ठरवायची नसते. कोकण आणि घाटाच्या पायथ्याला पालवी आधी, विदर्भात थोडी मागून, आणि त्यातही दरवर्षी आठ-दहा दिवसांचा फरक. ज्या भागात जायचं तिथल्या कुणाला तरी फोन करून विचारावं, ‘कोशिंब पालवला का? पळस फुलला का?’ वनरक्षक सांगतील, गावातले गुराखी सांगतील, एसटीचे चालक तर रोजच बघत असतात. माझा अनुभव असा, की असं विचारलं की माणसं खुलतात.

मुंबईकरांना फार लांब जायला नको. बोरिवलीला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, सोमवारी ते बंद असतं एवढं लक्षात ठेवा. फेब्रुवारी-मार्चमधल्या एखाद्या रविवारी सकाळी लवकर आत शिरून कान्हेरीपर्यंत जावं. लेण्यांच्या कातळावर चढलं की खाली जंगलाचा माथा दिसतो. त्यात करडे, तांबूस, पोपटी आणि पिवळट असे तुकडे तुकडे दिसतात. पावसाळ्यात तिथूनच पाहिलं तर सगळं एकसारखं हिरवं असतं आणि झाडापासून झाड वेगळं काढता येत नाही. पुण्याच्या लोकांनी कोकणात उतरणारा कुठलाही घाट धरावा आणि पायथ्याशी रेंगाळावं. नागपूर, भंडारा, गोंदियाची मंडळी तर भाग्यवान. नागझिरा, पेंच, ताडोबा, मेळघाट ही पानझडी रानं त्यांच्या अंगणात आहेत. तिथे जीपमध्ये बसलेला प्रत्येक जण वाघासाठी नजर ताणून असतो. वाघ दिसो की न दिसो, गाइडला एकदा सांगा, कोशिंबाखाली दोन मिनिटं गाडी थांबवा.

वाटेत इतरही बरंच भेटेल. काटेसावर पानं टाकून नुसत्या फुलांनी भरते. मांसल पाकळ्यांचं ते फूल खाली पडताना चांगला थप्प आवाज येतो, आणि वर साळुंक्या-बुलबुलांचा बाजार भरलेला असतो. पांगारा, पळस याच दिवसांतले. पळसाची कळी काळसर मखमलीच्या टोपीत असते, हाताला लव लागते. खाली पडलेली फुलं वेचून पाण्यात उकळा, होळीला सुरेख केशरी रंग होतो. झाडावरची मात्र तोडू नका. कांडोळ ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी रानाजवळ मुक्काम करून चांदण्यात पाहावा. पांढऱ्या गुळगुळीत खोडाचं, निष्पर्ण, असं उजळून उभं असतं की लोक त्याला भुताचं झाड का म्हणतात ते लगेच पटतं. आणि चैत्रात पिंपळ. पिंपळाच्या तांबूस-गुलाबी पानांसाठी तर गावाबाहेर जायचीही गरज नाही, देवळाच्या पारावर बसलं तरी पुरे.

परीक्षांची अडचण मला कळते. दहावी-बारावीचं मूल घरात असेल तर कुणी चार दिवस बाहेर जाणार नाही. पण ही सहल अर्ध्या दिवसाची आहे. पहाटे निघा, अकराच्या आत सावली गाठा, जेवायला घरी या. माणशी दोन लीटर पाणी, टोपी, बरोबर दशम्या किंवा धपाटे. ऊन तिरपं असतं तेव्हा झाडाच्या पलीकडे जाऊन सूर्याकडे तोंड करून पालवी पाहा, पाठीवर ऊन घेऊन पाहू नका. घरातली वयस्कर माणसं बरोबर असतील तर उत्तमच. झाडांची नावं त्यांनाच जास्त ठाऊक असतात. आणि निघण्याआधी दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ काढून त्या त्या महिन्याचं प्रकरण वाचा. १९५६ साली आलेलं हे पुस्तक महिन्यामागून महिना असंच पुढे जातं, त्यामुळे ते प्रवासात बरोबर ठेवायलाही सोयीचं आहे.

जमलं तर एकाच जागी दोनदा जा, पंधरा दिवसांच्या अंतराने. दहा ठिकाणं एकेकदा पाहण्यापेक्षा यात जास्त हाती लागतं. मुलांना तर दुसऱ्या फेरीतच खरी गंमत कळते, कारण आता त्यांच्याकडे तुलना करायला काहीतरी असतं.

शेवटी एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. पायाखाली वाजणारी ही सगळी पानं म्हणजे कोरडं जळण आहे. फेब्रुवारीच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंत वणव्याचे दिवस. वनखात्याचे लोक त्याआधी रानात जाळरेषा काढतात, म्हणजे पालापाचोळा साफ करून मोकळे पट्टे तयार करतात, जेणेकरून आग एका बाजूची दुसरीकडे जाऊ नये. तरी दरवर्षी डोंगर जळतात. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो, तेंदूला पालवी चांगली फुटेल म्हणून, गवत जोमाने येईल म्हणून काडी लावली जाते. त्यामागे पोटाचा प्रश्न असतो, काडी लावणाऱ्यांशी बोलूनच तो सोडवावा लागेल. पण हौसेने डोंगरावर गेलेल्यांनी टाकलेलं सिगारेटचं थोटूक आणि रात्रीची शेकोटी, यांना कसलंच कारण नाही. मी एका मार्चमध्ये जळालेल्या उतारावरून चाललो आहे. राखेत टिटवीच्या अंड्यांची काळी पडलेली कवचं होती, आणि कोशिंबाचं एक लहान रोप होतं, हातभर उंचीचं, लाल पालवी आलेलं, ती तशीच करपून गेलेली.

राखीव जंगलात आग लावणं हा १९२७ च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे. तुम्ही जाल तेव्हा काडेपेटी घरी ठेवून जा. चूल मांडायची असेल तर ती गावात, कुणाच्या अंगणात, विचारून मांडा. आणि डोंगरावर कुठे धूर दिसला तर फोटो काढत थांबू नका. महाराष्ट्र वनविभागाचा मदत क्रमांक आहे १९२६. पुन्हा सांगतो, एक नऊ दोन सहा. निघण्यापूर्वी तो फोनमध्ये लिहून ठेवा.