कुलूप कोणाचे, घर कोणाचे?

(पुण्यातील एका वसाहतीच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी ‘शहरातील भाड्याचे घर’ हा विषय दिला, तेव्हा कायद्याची चार कलमे सांगून मोकळे व्हावे, असे मनात आले होते. परंतु आधी एक कबुली दिल्यावाचून त्या कलमांविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही.

माझे बालपण सदाशिव पेठेतील एका वाड्यात गेले. दोन खोल्या, सामाईक नळ आणि महिना अठरा रुपये भाडे. मालकीणबाई समोरच राहत. आम्ही त्यांना काकू म्हणत असू. १९८५ साली वडिलांनी कोथरूडला सदनिका घेतली. आम्ही तिकडे राहावयास गेलो, परंतु पेठेतील खोल्यांवर आमचे कुलूप तसेच राहिले. भाडे मनिऑर्डरीने जात असे. काही वर्षांनी एका पावसाळ्यात वाड्याची मागची भिंत खचली. काकूंनी खोल्या मागितल्या. आम्ही सोडल्या, पण सोडण्यासाठी त्यांच्याकडूनच पैसे घेतले. काकूंनी नोटा मोजून दिल्या आणि नेहमीप्रमाणे आमच्यापुढे चहाही ठेवला. तो चहा मला आजही आठवतो.

कायदा काकूंच्या बाजूने नव्हता, असे नाही. भाडेकरूने स्वतःचे योग्य घर मिळवले अथवा सहा महिने सबळ कारणाविना जागा वापरली नाही, तर ती परत मागता येत असे. पण त्यासाठी दावा लावावा लागे, आणि अठरा रुपये भाडे घेणाऱ्या बाईने वकिलाची फी कोठून आणावी? त्यांची ही असहायता आम्हाला ठाऊक होती. आमचा खरा अपराध तोच.

असे का झाले? १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला, तेव्हा शहरांत घरांची तीव्र टंचाई होती. सामान्य कुटुंब रस्त्यावर येऊ नये, हा त्यामागील हेतू योग्यच होता. परंतु त्यातील प्रमाणित भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले गेले. महागाई वाढत गेली, भाडे गोठलेलेच राहिले आणि दुरुस्तीअभावी वाडे, चाळी खचू लागल्या. भाडे गोठविणाऱ्या या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्या आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये म्हटले. त्याआधी १९७३ च्या दुरुस्तीने त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीस जागेत असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूचे संरक्षण दिले होते. त्याचा धसका मालकांनी घेतला. ‘एकदा दिलेले घर परत मिळत नाही’ हे वाक्य घराघरांत रुजले आणि मोकळ्या घरांना कुलपे लागली.

मित्रहो, ती भीती आज बाळगण्याचे कारण नाही. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू आहे. निवासासाठी ‘लिव्ह अँड लायसन्स’ने दिलेली जागा मुदत संपल्यावर सोडली नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि दुप्पट दराने भरपाईही मिळते. मात्र करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रापुरता चुकीचा आहे. मुदत कितीही असो, कलम ५५ नुसार नोंदणी आवश्यक आणि तिची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद उद्भवला, तर अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. थोडे पैसे वाचविणारा मालक स्वतःचाच हात कापून घेतो.

आता नाण्याची दुसरी बाजू. आज असहाय आहे तो बहुधा राहणारा. दर अकरा महिन्यांनी सामान बांधायचे, मुलांच्या शाळेचा विचार नव्याने करायचा आणि अनामत परत मिळेल की रंगकामाच्या नावाखाली कापली जाईल, याची चिंता वाहायची. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी, असे म्हटले आहे. परंतु तो आदर्श नमुना आहे, राज्यांनी स्वीकारल्यावरच लागू होतो. कायद्याची वाट न पाहता हे पथ्य आपण पाळू शकत नाही का? गृहनिर्माण संस्थांनीही ध्यानात घ्यावे की, बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. शासनाचा तसा आदेश २००१ पासून आहे.

म्हणून माझी विनंती साधी आहे. घर देताना भिंती, नळ, पंखे यांची स्थिती दोघांनी मिळून लिहून ठेवा. अनामतीचा आकडा आणि ती परत करण्याचा दिवस करारात घाला. नवे कुटुंब आले की पहिल्या आठवड्यात त्यांच्या दारी जा. पाणी कधी येते, दवाखाना कोठे आहे, हे सांगा. आणि घर घेणाऱ्यांनो, मुदत संपली की किल्ली हसतमुखाने परत करा.

काकू आज नाहीत. वाड्याच्या जागी इमारत उभी आहे. त्यांचे ऋण मला फेडता आले नाही. आपल्यापैकी कोणावर असे ऋण राहू नये, एवढ्यासाठी हे बोललो.