डबा उघडून बघावा



संयोजकांनी मला सांगितलं, ‘तुझ्या धंद्यातलं काहीतरी बोल आणि दहा मिनिटांत आवर.’ माझा धंदा तुम्हाला ठाऊक आहे. तालुक्यातल्या लग्नांचे, कीर्तनांचे, प्रचारसभांचे अ‍ॅम्प्लिफायर माझ्या टेबलावर उपडे पडून गेलेत. आज मात्र गिटारच्या अ‍ॅम्पबद्दल बोलतो. कारण गेल्या वर्षभरात आपल्यातल्याच तिघांनी फोन करून एकच विचारलं: पोरगं पुण्यात शिकतंय, बँडमध्ये वाजवतंय आणि दोन लाखांचा अ‍ॅम्प मागतंय. त्यात एवढं आहे तरी काय?

आधी एक फरक सांगतो. लग्नात माइकचा आवाज फाटला की मला बोलावणं येतं. गिटारवाल्याला तो थोडा फाटलेलाच हवा असतो, आणि व्हॉल्व्हवर चालणारा अ‍ॅम्प तो गोड फाडतो. आपल्या घरच्या जुन्या रेडिओत बंगळूरच्या बीईएलचे व्हॉल्व्ह असायचे, त्याच जातीचे. यात जादू कसली नाही. लिओ फेंडर हा अमेरिकेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवणारा माणूस, म्हणजे माझाच जातभाई. त्याच्या अ‍ॅम्पच्या खोक्यात कुठला व्हॉल्व्ह कुठे बसतो याचा कागद चिकटवलेला असे. 1962 च्या सुमारास लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानातल्या पोरांनी फेंडरचा ‘बासमन’ उघडला, जवळपास तसाच अ‍ॅम्प इंग्लंडमध्ये मिळणाऱ्या सामानातून बांधला आणि त्यातून मार्शल हे नाव उभं राहिलं. उघडा, बघा, बांधा, असा हा धंदा वाढला.

मग आले हाताने बांधलेले, मोजकेच निघणारे, नाव नोंदवून वाट बघायला लावणारे अ‍ॅम्प. त्यांना बुटीक म्हणतात. या मंडळींतलं सगळ्यात मोठं नाव अलेक्झांडर डंबल. कॅलिफोर्नियातला हा कारागीर 2022 साली वारला. आयुष्यभरात त्याने बांधलेले अ‍ॅम्प तीनशेच्या आसपास असावेत असं मानतात. गिऱ्हाईक तो स्वतः निवडायचा, आणि आतल्या भागांवर राळ ओतून ठेवायचा, म्हणजे कुणाला नक्कल करता येऊ नये. आज त्याच्या एका अ‍ॅम्पला लाख डॉलरच्या पुढे किंमत येते, म्हणजे आपले ऐंशी लाखांहून जास्त. लोकांनी ती राळ खरवडून काढली. आत निघाले तेच कंडेन्सर, तेच रेझिस्टर, आणि फेंडरच्या जवळची रचना.

मग डंबल ठग होता का? अजिबात नाही. तो वाजवणाऱ्यासमोर बसून त्याचा हात ऐकायचा आणि त्या हाताला बेतून अ‍ॅम्प लावून द्यायचा. पैसे त्या ऐकण्याचे होते. आज जो लाख डॉलर मोजतो, तो दुसऱ्याच कुणाच्या मापाचा सदरा विकत घेतो.

हे आपल्याला नवं वाटू नये. 1964 साली महिको इथे सुरू झाली, तेव्हापासून बियाण्याच्या गप्पांवर आपलं गाव वाढलंय. जून तोंडावर आला की कपाशीच्या एखाद्या वाणाचं नाव कर्णोपकर्णी होतं, ‘माल संपला’ अशी आवई उठते, आणि तितकंच चांगलं दुसरं वाण दुकानात पडून राहतं. दरवर्षी नाव वेगळं, गर्दी तीच. जादा पैसे मोजणारा शेतकरी मूर्ख नसतो. हंगाम हातचा जाईल या धास्तीने तो घेतो. तुमच्या पोराचीही धास्तीच आहे. हा अ‍ॅम्प नसेल तर आपण कच्चे दिसू, एवढीच.

2010 साली इंडियानापोलिसमध्ये 21 व्हायोलिनवादकांना काळे गॉगल घालून जुनी-नवी व्हायोलिनं वाजवायला दिली होती. सगळ्यात जास्त पसंती एका नव्या व्हायोलिनला मिळाली, आणि सगळ्यात कमी एका स्ट्रॅडिव्हेरियसला. पोराला दुकानात तसंच करायला सांगा. मित्राला बटणं फिरवू द्या, आपण पाठ करून ऐका. फक्त दोन्ही अ‍ॅम्पचा आवाज सारखा ठेवा, कारण जरा मोठा वाजणारा डबा कानाला नेहमीच चांगला वाटतो. विक्रेत्यांना हे चांगलं माहीत असतं.

तरी महाग अ‍ॅम्प घेऊच नका असं मी म्हणणार नाही. चांगल्या वाइंडिंगचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर, स्वच्छ सोल्डरिंग, प्रत्येक भाग सुटा बदलता येईल अशी बांधणी, याला पैसे पडतात आणि ते द्यावेत. राळ ओतलेला डबा मात्र माझ्यासारख्याच्या टेबलावर आला तर मी हात जोडतो. तो दुरुस्त करायचा कसा?

आपल्या मिरजेला 2024 मध्ये सतार आणि तंबोऱ्यासाठी भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे, कारागिरी पिढीजात. तंबोऱ्याची जवारी काढताना घोडीवर कानस कशी फिरते ते समोर बसून खुशाल बघा, काही झाकलेलं नसतं. बघून ती आपल्याला येत नाही, हा भाग वेगळा. असल्या कारागिराला राळ लागत नाही.

मागच्या टेबलावर मी एक व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प उघडून ठेवलाय. चहाच्या वेळी जरूर बघा. त्या तिघांनी तर बघाच. बोटं मात्र आत घालू नका. वायर काढलेली असली तरी कंडेन्सरमध्ये चारशे व्होल्ट बसून राहू शकतात.