पोर्तुगीज भाषा आणि प्रौढ विद्यार्थी
(मंडळाच्या कारेगाव येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



‘प्रौढ वयातील शिक्षण’ या विषयावर मी बोलावे, अशी चिटणीसांची सूचना होती. विषय फार व्यापक आहे. आणि व्यापक विषय हाती आला की वक्त्याची वाणी सैल सुटते व श्रोत्याच्या पदरी काही पडत नाही, हा आपणा सर्वांचाच अनुभव आहे. म्हणून मी त्यातील एक लहानसा कोपरा निवडला आहे. चाळिशी, पन्नाशी, क्वचित साठीही उलटल्यावर काही माणसे पोर्तुगीज भाषा शिकावयास बसतात. ती का बसतात, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

घोडनदीच्या या परिसरात पोर्तुगीज कशाला, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. एका अर्थाने आपण ती भाषा थोडीफार बोलतच आहोत. येथील औद्योगिक वसाहतीत महिनाअखेर मिळणारा पगार, घराची चावी, विहिरीवरची बादली, बांधकामावरचे घमेले, बाजारातील लिलाव, एवढेच काय, पण तुरुंगसुद्धा, हे शब्द पोर्तुगिजांकडूनच आपल्याकडे आले आहेत. पाव आणि बटाटा यांविषयी तर बोलावयासच नको. परंतु शब्द उसने घेणे निराळे आणि भाषा शिकणे निराळे.

इंग्रजी शिकणाऱ्यास आपण कारण विचारीत नाही. सर्व शिकतात म्हणून तोही शिकतो. पोर्तुगीज भाषेचे तसे नाही. तिला आपल्याकडे बाजारभाव नाही, लग्नाच्या स्थळाच्या माहितीत तिचा उल्लेख केल्याने वजन वाढत नाही. त्यामुळे जो कोणी प्रौढपणी ती शिकतो, त्याच्यापाशी स्वतःचे असे एक कारण असावेच लागते. ते बहुधा घरगुती असते, आणि मला तेच मोलाचे वाटते.

प्रथम कागदाची गोष्ट घेऊ. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. परंतु तेथील कायदा एका दिवसात बदलला नाही. १८६७ चा पोर्तुगीज दिवाणी कायदा १८७० पासून गोव्यात लागू होता, आणि मुक्तीनंतरही संसदेने १९६२ च्या कायद्यान्वये जुने कायदे चालू ठेवले. विवाहानंतर पतिपत्नींच्या मालमत्तेची समाईक मालकी आणि मुलगा-मुलगी असा भेद न करता वारसा ही त्यातील तत्त्वे आजही तेथे मानली जातात. मृत्युपत्र करूनही मुलांना डावलून निम्म्याहून अधिक मालमत्ता दुसऱ्यास देता येत नाही. वारसाविषयक बराच भाग गोव्याच्या विधानसभेने २०१२ साली नव्या कायद्यात इंग्रजीतून आणला, हे खरे. पण कायदा इंग्रजीत आला म्हणून जुने दस्त इंग्रजीत येत नाहीत. आजोबांचे खरेदीखत, पणजीच्या लग्नाची नोंद, जमिनीच्या चतुःसीमा, देवळाच्या महाजनकीची यादी, हे सारे पोर्तुगीजमध्येच लिहिलेले आहे आणि तसेच राहणार.

आता विचार करा. गोव्याचे माहेर असलेली एखादी भगिनी पुण्यास किंवा शिरूरला नांदते आहे. भाऊ म्हणतात, ‘ताई, तुझे येथे काही नाही.’ वकील म्हणतात, ‘कागद पाहावे लागतील.’ कागद निघतात तेव्हा त्यांतील एक अक्षर तिला लागत नाही. आपला हक्क आहे की नाही, हे तिला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागते. आणि तो दुसरा कधी आपला असतो, कधी नसतो. अशी एखादी स्त्री पन्नाशीत पोर्तुगीजचे पहिले पुस्तक उघडते तेव्हा तिला त्या भाषेतील काव्य वाचावयाचे नसते. ‘फिल्या’ म्हणजे कन्या, ‘एर्देइरा’ म्हणजे वारसदार स्त्री, ‘मेताद’ म्हणजे निम्मे, एवढे शब्द ओळखता आले तरी वकिलाच्या कार्यालयातील तिची बसण्याची रीतच बदलते. वकिलाचे काम ती करणार नाही. पण विचारावयाचा प्रश्न तिला कळेल. सहा महिन्यांच्या अभ्यासाचे याहून मोठे फळ मला तरी माहीत नाही.

घरचे दप्तर तसे राष्ट्राचेही दप्तर असते. पणजीच्या ऐतिहासिक दप्तरखान्यात पोर्तुगीज राजवटीच्या शेकडो वह्या आहेत. पावसाळी वाऱ्यांच्या बेताने ये-जा करणाऱ्या गलबतांतून लिस्बनशी जो पत्रव्यवहार चाले, त्याच्या वह्यांना ‘मोसमांच्या वह्या’ असेच नाव आहे. दुसरी एक माला ‘शेजारच्या राजांची’ म्हणून ओळखली जाते. हे शेजारचे राजे कोण? त्यांत आपले छत्रपती आले, पेशवे आले, सावंतवाडीकर आले. १६६७ ची शिवछत्रपतींची बारदेशावरील स्वारी, १६८३ ची संभाजी महाराजांची गोव्याची मोहीम, १७३९ साली चिमाजी आप्पांनी घेतलेली वसई, या प्रत्येक प्रसंगी समोरच्या माणसाने काय पाहिले, तो कशाला भ्याला, त्याने राजाला काय कळविले आणि काय लपविले, हे तेथे लिहिलेले आहे. मराठी बखरीत जे नाही ते त्या परक्या लेखणीने नोंदविले आहे.

ही दारे ज्यांनी आपल्याकरिता उघडली त्यांत डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांचे नाव पहिले. १८९४ साली गोव्यातील पिसुर्ले येथे जन्मलेल्या या मराठी माणसाने तो दप्तरखाना दीर्घकाळ सांभाळला, गोव्याच्या राज्यमंडळाच्या ठरावांचे पाच खंड १९५३ ते १९५७ या काळात संपादून प्रसिद्ध केले, आणि पोर्तुगीज-मराठे संबंधांवरील त्यांचा मराठी ग्रंथ १९६७ साली पुणे विद्यापीठाने छापला. त्यांच्यासारखेच अ. का. प्रियोळकर. त्यांचा भारतातील मुद्रणकलेवरील ग्रंथ १९५८ चा व गोव्याच्या धर्मसमीक्षण संस्थेवरील १९६१ चा. पोर्तुगीज साधनांवाचून यांतले एकही पुस्तक होते ना. हे दोघे गोव्याचे. ती भाषा त्यांच्या अंगणातच होती असे कोणी म्हणेल. मग सुरेंद्रनाथ सेन यांचे काय? बंगालचा गृहस्थ, कलकत्त्याच्या विद्यापीठात मराठ्यांचा इतिहास शिकविणारा. त्याने गोव्याच्या दप्तराची पाहणी केली, आणि कोस्मे द गार्द याचे १७३० साली लिस्बनला छापलेले शिवचरित्र इंग्रजीत उपलब्ध करून दिले. आमच्या राजाचे चरित्र आम्हांस वाचता यावे म्हणून बंगाली माणसाने खस्ता खाव्या, ही गोष्ट आनंदाची आहे आणि थोडी खजील करणारीही.

येथे अभ्यासूंकरिता एक सूचना करून ठेवतो. आजची पोर्तुगीज आली म्हणजे सतराव्या शतकातील हस्ताक्षर वाचता येते असे नाही. मोडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगावयास नको. शब्द तोडून लिहिण्याची त्यांचीही तऱ्हा होती, शाईने कागद खाल्लेले आहेत. भाषेला एखादे वर्ष, तर अक्षराला दुसरे, असा हिशेब धरावा. सेवानिवृत्त शिक्षकांना मी हे मुद्दाम सांगतो. कारण वेळ आणि चिकाटी या दोन्ही वस्तू त्यांच्यापाशी असतात.

तिसरे कारण नागरिकत्वाचे. त्याविषयी कुजबूज पुष्कळ होते, स्पष्ट बोलले जात नाही. मुक्तीपूर्वी गोवा, दमण, दीव येथे जन्मलेल्यांना व त्यांच्या पुढील पिढ्यांना पोर्तुगीज नागरिकत्व मागण्याची वाट पोर्तुगालच्या कायद्याने ठेवली आहे. हजारो गोमंतकीय या वाटेने गेले, आणि त्यांतील अनेक पोर्तुगालात न राहता इंग्लंडात स्विंडनसारख्या गावी स्थायिक झाले. त्यांना पोर्तुगीज येण्याची गरजच पडली नाही. परंतु २०२० साली ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले आणि ती सोय राहिली नाही. आता जो जाईल त्याला बहुधा पोर्तुगालातच संसार मांडावा लागेल. आणि तेथे वास्तव्याच्या आधारे नागरिकत्व मागणाऱ्यास प्राथमिक पातळीची भाषापरीक्षा द्यावी लागते. आपल्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमाप्रमाणे परदेशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेणारा भारताचा नागरिक राहत नाही, हे जाणाऱ्याने नीट समजून घ्यावे. जाणाऱ्यांना नावे ठेवणे मला आवडत नाही. कारेगावात आज जी कुटुंबे बिऱ्हाड करून आहेत, त्यांतील कितीतरी पोटासाठी आपले गाव सोडूनच आली आहेत ना? तेव्हा मार्ग कोणताही असो, जेथे राहावयाचे तेथील भाषा शिकून जावे, इतकेच.

पोटाचा विषय निघाला म्हणून व्यवसायाचेही चार शब्द. ब्राझीलची लोकसंख्या वीस कोटींच्या वर आहे व तेथील भाषा पोर्तुगीज आहे. रांजणगावास फियाटचा मोटारींचा कारखाना आहे; त्याच घराण्याचा ब्राझीलमधील मोठा कारखाना बेतीम या गावी १९७६ पासून चालू आहे. (गोव्यात पणजीसमोर मांडवीच्या पैलतीरावरील बेती या गावाचे पोर्तुगीज लेखनही बेतीमच, पण हा निव्वळ योगायोग.) शिरूर व दौंड हे उसाचे तालुके, ब्राझील जगात सर्वांत अधिक साखर काढणारा देश. आपण ज्याला खोडवा म्हणतो त्याला तेथे ‘सोका’ म्हणतात, आणि त्यावरील लेखन त्यांच्या भाषेत विपुल आहे. आपली गीर गाय तेथे गेली आणि तिच्या दुधाच्या व वंशावळीच्या नोंदी त्यांनी वर्षानुवर्षे काटेकोर ठेवल्या; गोपालन करणाऱ्या आपल्या तरुणाला त्या मुळातून वाचाव्याशा वाटल्या तर नवल नाही. आफ्रिकेतील मोझांबिकही पोर्तुगीज भाषेचा देश. तेथून तूर आणण्याचा करार भारताने २०१६ साली केला. आपल्या ताटातील वरणाला कधी कधी त्या भाषेचा वास असतो, असे म्हणण्यास हरकत नाही. मात्र एक ध्यानात असावे की पोर्तुगालची व ब्राझीलची बोली एक नव्हे. रेल्वेगाडीला एक देश ‘कोंबोयु’ म्हणतो, दुसरा ‘ट्रेंइ’. कोठे जावयाचे आहे ते ठरवून मग शिक्षक निवडावा.

काहींचे कारण निव्वळ कुतूहलाचे असते, आणि तेही मी हलके मानीत नाही. चौलच्या खाडीकाठी, कोरलईच्या किल्ल्याखाली, पोर्तुगिजांपासून उपजलेली एक बोली तेथील ख्रिस्ती कुटुंबे अद्याप घरात बोलतात. तिला ती ‘नो लिंग’, म्हणजे आमची भाषा, म्हणतात. बोलणारी माणसे हजाराच्या आतबाहेर असतील. पोर्तुगीज सत्ता तेथून १७४० साली गेली, बोली राहिली. पुण्याहून एका दिवसात जाऊन येता येईल अशा गावी हे आश्चर्य आहे, पण आपण किल्ला पाहून परत येतो.

आता शेवटचे कारण. ते मी राखून ठेवले होते. माझ्या परिचयाच्या एका भगिनीची कन्या लिस्बनला असते, जावई तेथलेच. नात तीन-चार वर्षांची. तिला मराठी समजते, पण ती उत्तर देते पोर्तुगीजमध्ये. दूरध्वनीवर आजी बोलते, नात बोलते, आणि मध्ये मुलीला दुभाषी म्हणून उभे राहावे लागते. बासष्टाव्या वर्षी या बाईंनी शिकवणी लावली. घरात थट्टा झाली. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्याकडे तयारच असते. त्या भाषेत आजीला ‘अव्हॉ’ आणि आजोबांना ‘अव्हो’ म्हणतात. फरक केवळ शेवटच्या स्वराच्या उघडझापीचा. बाई पहिल्या दिवशी स्वतःला आजोबा म्हणाल्या आणि नात हसून लोळली. ‘त्या हसण्यात दुभाषी नव्हता,’ असे त्या मला म्हणाल्या.

अध्यक्ष महाशय, आपल्या मंडळाच्या शिक्षणनिधीतून विद्यार्थ्यांना पुस्तके व पारितोषिके दिली जातात, ही योग्य गोष्ट आहे. पण शाळा-महाविद्यालयाचा दाखला जोडल्यावाचून अर्ज करता येत नाही. म्हणजे त्या बासष्ट वर्षांच्या भगिनीला किंवा माहेरचे दस्त वाचू पाहणाऱ्या स्त्रीला आपल्या निधीत जागा नाही. वर्षातून दोन प्रौढ सभासदांना, त्यांत एक तरी स्त्री असावी, कोणत्याही भाषेच्या अभ्यासासाठी शुल्काचे साहाय्य द्यावे, दाखला मागू नये, केवळ आपण का शिकू इच्छितो याचे एक पानभर पत्र लिहून घ्यावे, अशी माझी सूचना आहे. पोर्तुगीजसाठी पणजीस गोवा विद्यापीठाची, तसेच कामोइंश संस्थेची सोय आहे; दिल्लीस जवाहरलाल नेहरू विद्यापीठात ती भाषा शिकविली जाते; आणि हल्ली घरी बसूनही दूरस्थ शिक्षक मिळतो. ही सूचना कार्यकारी मंडळाच्या पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर यावी, एवढी विनंती करतो.